हळूहळू वाढेल

"हॅलो? …हॅलो? …हो, आई, मीच. अगं स्मिताच बोलतेय. घसा बसलाय म्हणून आवाज असा… नाही, रडत नाहीये. हवा. बंगलोरची हवा… हवा म्हणते मी, हवा!"

नागपूरहून विमलाबाईंचा फोन आला की जयनगरच्या त्या घरात कुणालाही निवांतपणे दुःख करता येत नसे. स्मिता नर्सिंग होममधून दहा मिनिटांसाठी घरी आली होती, लेकीचे कपडे न्यायला. एका हातात बारा वर्षांच्या मुग्धाचे दोन फ्रॉक, दुसऱ्या हातात रिसीव्हर, आणि आईला काय काय सांगायचं नाही याची यादी डोक्यात.

"मुग्धा ना? …आहे की. …आहे म्हणजे आहे, पण घरात नाही. ग्राउंडवर गेलीय… हो, या उन्हात. इकडे उन्हातच पळवतात… जेवते, जेवते. …वजन? वाढतंय ना…"

स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग कोसळल्यासारखा आवाज झाला.

"एक मिनिट हं, आई… प्रेमा! हळू! जरा हळू गं! …काही नाही, भांडी. कामाची बाई. सुट्टी लागली तेव्हापासून दिवसभर असते, मुग्धाचं खाणंपिणं तीच बघते. मी साडेसातला कंपनीच्या बसमध्ये बसते, ती इलेक्ट्रॉनिक सिटीहून रात्री आठला परत सोडते. मग कोण बघणार? …तिला मराठी नाही, हिंदी नाही. मला कानडी नाही. …चालतं बरोबर!"

स्मिताला कानडीतले पाच शब्द येत होते. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक, बेडा म्हणजे नको, एष्टु म्हणजे किती. पाचवा तिला वर्षभरात आठवलेला नव्हता.

भांडी थांबली. प्रेमा बाहेर आली आणि स्मितासमोर स्टीलचा पेला ठेवून गेली. दूध. गरम. दोन दिवस आपल्या पोटात अन्न नाही हे या एकटीला दिसलं, या विचाराने स्मिताचे डोळे भरून आले.

"…अं? …नाही, ऐकतेय. बोल ना."

विमलाबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले होते. खारकेची पूड पाठवली होती. कोणा बाबांचा अंगारा पाठवला होता, त्याची पुडी खारकेच्या डब्यातच फुटली होती, तेव्हा तोही पौष्टिक झाला असावा. आता त्या शिंगाड्याचं पीठ पाठवणार होत्या.

"आई, शिंगाडा नको. …अगं ऐक ना. …राजगिराही नको. …आई, ती ग्राउंडवर नाहीये."

नागपूरने राजगिऱ्याचं वाक्य अर्धवट सोडलं. हे सहसा होत नसे.

"नर्सिंग होममध्ये आहे. …परवापासून. …सांगणार होते गं… पळता पळता पडली. आठशे मीटरचा दुसरा फेरा होता. तिच्या कोच हेमावती मॅडम म्हणाल्या, ठेच लागून पडतात तशी नाही पडली, आधी बसली, मग आडवी झाली. शिस्तीत. …सलाइन चालू आहे… आई, तू काहून रडते? …हळू, आई! हळू बोल, कान फुटेल माझा!"

प्रेमा पुन्हा आली. दुसरा पेला ठेवला. पहिल्याकडे जरा नाराजीने पाहिलं आणि गेली.

"…वजन खरं सांगू? …साडेसव्वीस. …हो, साडेएकोणतीस होतं. एप्रिलमध्ये. …मलाही वजाबाकी येते, आई."

सगळं त्या आकड्यापासून सुरू झालं होतं. हेमावती मॅडमनी मार्चमध्ये सांगितलं, पोरगी वाऱ्यासारखी पळते, पण वाऱ्याला क्रीडा वसतिगृहात घेत नाहीत. दहा जूनला निवड, काट्यावर बत्तीस किलो हवेत. मग दर रविवारी मायलेकी बसस्टँडवरच्या वजनाच्या यंत्रावर जायच्या. यंत्र तिकीट काढून द्यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. अठ्ठावीस, आपली प्रगती होईल. साडेसत्तावीस, आपल्या कष्टांचे चीज होईल. मुग्धा भविष्याची बाजू वर करून ती तिकिटं वहीत चिकटवायची.

"डॉक्टरला का बोल लावतेस? श्रीधरराव चांगले आहेत गं. इथलेच जुने, तीन पिढ्या जयनगरात, आपल्याशी मराठीच बोलतात. त्यांनी तर एप्रिलमध्येच बजावलं होतं, पोरीला कोंबू नका. टॉनिकं नकोत, डबे नकोत. अंडं, शेंगदाणे, डाळ, केळी, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, आणि दुपारची झोप. घाई करायची नाही, आपोआप वाढेल म्हणाले… तसंच केलं! अंडी उकडून ठेवत होते, दाणे भिजवून ठेवत होते…"

ठेवत होती, हे खरं होतं.

"…जंत? नाहीत. कावीळ नाही. टायफॉइड नाही. आता छातीचा फोटो काढलाय… क्षय असेल का म्हणून… आई, तू घाबरू नकोस. एकीने घाबरलेलं पुरे… जुलाब. रोज होत होते म्हणे. दीड महिना! …मला कुठे सांगितलं? आईला कळलं तर ग्राउंड बंद होईल, म्हणून लपवलं कार्टीने. …काय खात होती? मी सांगितलं तेच… डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दूध किती घेते. मी म्हटलं, थेंबही नाही. लहानपणापासून पचतच नाही तिला. ते तर पहिल्यांदा तुलाच कळलं होतं, बारशानंतर दुसऱ्या महिन्यात, तुझ्याच नव्या साडीवर… हो, मोरपंखी… आई, आता साडीचं राहू दे."

स्मिताने घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी.

"ऐक, मला निघायचंय. आज चार वाजता पहिल्यांदा तोंडाने द्यायचंय काहीतरी. हे पोटात ठरलं तर ठीक. नाही ठरलं तर मोठ्या हॉस्पिटलात हलवायला सांगितलंय, अंगातले क्षार फार उतरलेत, हृदयावर ताण येतोय म्हणे… पद्मनाभ आहे ना लेकीजवळ. थर्मास घेऊन गेलाय. तांदळाची पेज, मी प्रेमाला करायला सांगितली… खुणेनेच गं. तांदूळ दाखवले, पाणी दाखवलं… सगळं खुणेनेच चालतं! सकाळी निघताना मी तिला रोज सांगायचे की मुग्धाला सारखं थोडं थोडं दे, पण हळूहळू. हळूहळू. हाताने असं खाली खाली करून…"

हे सांगताना स्मिताने हात करून दाखवला. नागपूरला तो दिसणं शक्य नव्हतं. तळहात खाली, सावकाश दाबत आणलेला. उतू जाणारं दूध शमवावं, तसा.

दाराशी उभ्या असलेल्या प्रेमाला तो दिसला. तिने समजल्यासारखी मान हलवली, आत गेली आणि तिसरा पेला घेऊन आली.

स्मिता तीन पेल्यांकडे पाहत राहिली. पहिल्यावर साय धरली होती.

"…नाही, आहे मी. …आई, एक मिनिट. …एक मिनिट गप्प बस म्हणते ना!"

तिने रिसीव्हर छातीशी धरला. पेल्याकडे बोट केलं.

"प्रेमा… हे काय? …नाव. नाव काय याचं?"

प्रेमाने शेजारणीकडे बघावं तसं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. परवा पोरगी आजारी, आज बाईला दूध ओळखू येईना.

"हालु," ती म्हणाली. आणि मालकिणीचा तळहात जसा खाली यायचा तसाच आपला हात सावकाश खाली आणत, तंतोतंत तिच्याच सुरात, "हालु-हालु."

पाचवा शब्द आला.

"…आई. …आई, तिने दूध दिलं. …रोज. सहा वेळा. …मीच सांगितलं. मीच रोज दारात उभं राहून सांगितलं… अगं हळू म्हणजे त्यांच्यात दूध! …हळू नाही, हालु… तेच ते! …दूध लवकर संपायचं गं. पिशव्या पुरायच्या नाहीत. मला वाटलं, हिच्या घरी लेकरं आहेत, नेत असेल. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी मोठं मन केलं…"

विमलाबाई काहीतरी विचारत होत्या. पोरीने का नाही सांगितलं, असंच काहीतरी.

"…सांगितलं ना. काल ग्लानीत सांगितलं. आई, मी सगळं पिते. एकदाही चुकवलं नाही. आता वजन करू या का… मी म्हटलं, बरळतेय. …तिला वाटलं, मीच ठरवलंय. तिला पचत नाही हे माहीत असून, बत्तीस किलोसाठी मी… आणि पीत राहिली…"

मग तिला पेज आठवली. प्रेमाने झाकण लावायच्या आधी स्मिताने थर्मासात डोकावून पाहिलं होतं. पांढरं. दाट. किती छान केलीस, असं म्हणायला शब्द नव्हता म्हणून ती 'सरी, सरी' म्हणाली होती. आणि शिवाय, सवयीने, तो हात. तो शब्द.

"आई, फोन ठेव. …थर्मासात पण तेच आहे. …पद्मनाभला काय कळणार, त्याला पेज आणि खीर यातला फरक लग्नापासून… ठेव! मला तिकडे फोन करायचाय. …हो, नंतर बोलू… नाही, ओवा नको…"

तिने रिसीव्हर आपटला. उचलला. नंबर फिरवू लागली.

"…आई? तू अजून आहेस? …अगं तू लावलायस फोन, तू ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही! …ओवा नको म्हटलं ना! …डाळिंबाची सालही नको!"

आपटला. उचलला. नागपूर जागेवरच होतं. आता तिथून रामरक्षेचा आवाज येत होता. विमलाबाईंनी रिसीव्हर देवापुढे ठेवला होता, नातीला ऐकू जावी म्हणून.

"आई! …आई, देव नको, फोन ठेव! …हॅलो? …हॅलो!"

चारला तीन कमी. नर्सिंग होम ऑटोने सात मिनिटांवर. पद्मनाभ सगळ्या कामांत उशीर करायचा. औषधाच्या वेळा तेवढ्या त्याने कालपासून काटेकोर पाळल्या होत्या. स्मिताने फ्रॉक टाकले, चपला शोधल्या, एकच सापडली. एक पेला उचलून तिने मोरीत ओतला. प्रेमाकडे बघून "बेडा, प्रेमा, बेडा!" म्हणाली. प्रेमाचा चेहरा उतरला. स्मिताने शेवटचं म्हणून रिसीव्हर कानाला लावला. रामरक्षा थांबली होती.

"आई? …मी पळतेय. तू ठेव, नको ठेवू, काही कर. …हो. …हो, ऑटोने. …हो गं, आई, हळू जाते. हळूच जाते."

तिने फोन ठेवला. दुसरी चप्पल न घालताच ती जिना उतरली, तेव्हा वर स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा आवाज झाला आणि गॅस पेटला.