महादूला पुन्हा मारा

हसू नका, पण मी एके काळी दर शनिवारी एक माणूस मारायचो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. मी बोईसरच्या वाचनालयात होतो आणि बाहेरच्या फळ्यावर एकेक विचित्र मरण रचून लिहायचो. 'महादू भोपळा काढायला छपरावर चढला. भोपळा वरच राहिला, महादू मात्र कायमचा खाली आला.' लोक पोट धरून हसायचे. पण आमचे अध्यक्ष अण्णा भडकले. "वाचनालय आहे का स्मशान? बंद करा!" केलं बंद.

दोन महिन्यांनी बेटेगावची एक बाई आली. "मास्तर, ते मरणाचं पुन्ना चालू करा. आमच्या सासऱ्याला मारा."

"अहो, काय बोलताय?"

"पुन्ना मारा. मागं मारलंत तवा बरं वाटलं होतं."

मला काही कळेना. सासऱ्याचं नाव ती घेईना. शेवटी म्हणाली, "ते भोपळ्यावालं नाव त्यांचंच हाय. तवा ते अंथरुणाला खिळलेले. तुमी मेला म्हणून लिवलंत आणि चार दिवसांत उठून शेतावर गेले. मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढतं, ठावं नाय तुमाला? आता परत पडलेत."

मी तिला घेऊन तडक अण्णांकडे गेलो. अण्णांनी सगळं ऐकलं, छातीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चालू करा. पण महादू दुसऱ्या शनिवारी. पहिल्या शनिवारी मी मरणार. अध्यक्ष मी आहे!"