आपलं नाव घ्या

रेडिओवर बायकांचा कार्यक्रम करणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा! पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. सांगलीतले आमचे साहेब म्हणायचे, "बाईचं नाव कशाला? अमक्यांच्या सौभाग्यवती म्हणा. कुणाची कोण, ते लोकांना कळायला नको?" मीही हट्टाला पेटले. म्हटलं, या वेळी बाया स्वतःची नावं स्वतःच सांगतील.

साताऱ्याकडच्या एका गावात गेले, टेपरेकॉर्डर सुरू केला आणि म्हणाले, "चला, एकेकीनं आपलं नाव घ्या."

झालं! पहिलीनं लाजत उखाणा घेतला, मग दुसरीनं, मग तिसरीनं. टेपवर नुसते साहेबराव, आनंदराव आणि बाजीराव!

मी टेप थांबवला. "अहो, नवऱ्याचं नव्हे, तुमचं स्वतःचं नाव!"

सगळ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांतली हौसाबाई म्हणाली, "आवं बाई, आमचं नाव कवा कुनी घेतलंय? त्याला उखाना कुठनं आनायचा?"

मग तिनंच जुळवला:

"मळ्यात उभा ऊस, त्याला पाटाचं पानी,
हौसाचं नाव घेते, हौसाच हितली रानी!"

तो तसाच रेडिओवर लागला. तिचा नवरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. आपलं नाव ऐकवायला त्यानं निम्मं गाव रेडिओभोवती जमवलं होतं म्हणे.

पुढे हौसाबाई भेटली तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "मालक काय म्हणाले?"

"लय तापलं. म्हनले, माझं नाव कुठं हाय? म्हटलं, आमी आमचं घेतलं. आता तुमी तुमचं घ्या की. लाजताय कशाला?"