किल्ली दिली म्हणजे घर दिलं का?

माझ्या थोरल्या लेकीला पहिला मुलगा झाला आणि बारशात त्याचं नाव सोपान ठेवलं, त्या सालातली ही गोष्ट. साल आकड्यात विचारू नका मंडळी. मी अक्षरं उशिरा शिकलो, आकडे त्याहून उशिरा. घरातल्या बाळांवरूनच मला सालं कळतात.

तर आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. माणसावर अन्याय झाला तर त्यानं जायचं कुठं? देवाकडं म्हणाल. बरोबर. पण देवळाची किल्लीच अन्याय करणाऱ्याच्या कमरेला असली तर? हसताय काय, असंच झालं होतं.

ऐका. आमच्या तालुक्याच्या गावी यशवंता पोरे नावाचा शिंपी होता. भाड्याची एक खोली, रस्त्याकडं तोंड केलेली. दाराशी मशीन, मागं चूल. घरमालक अण्णाप्पा शेटे, देवस्थानचे पंच, देवळाची किल्ली त्यांच्याच कमरेला. भाडं कधी थकलं नाही, भांडण कधी झालं नाही. अण्णाप्पांची गौराक्का आणि यशवंताची चंद्राबाई, दोघी पापड लाटायच्या एकाच पाटावर.

यशवंताच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. डॉक्टर म्हणाले, पोरीला प्रवास नको. मग आईबापच निघाले लेकीच्या गावाला. निघताना गौराक्कानं चंद्राबाईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. चंद्राबाईनं खोलीची किल्ली गौराक्काच्या हातात दिली. तुम्हीही शेजारी किल्ली देऊनच आलाय ना इथं? तशीच.

नातू झाला, बाळंतीण उठली, नवराबायको परत आले. बघतात तर दाराला दुसरंच कुलूप!

ओट्यावर अण्णाप्पा बसलेले. यशवंता म्हणाला, "मालक, किल्ली लागंना हो."

"कशी लागंल? तुम्ही घर सोडलंत की."

"कवा?"

"गेलात तवा. चार बायकांदेखत ओटी घेतली, नारळ घेतला, किल्ली दिली. आधीच्या भाडेकरणीची अशीच ओटी भरली होती, ती आली का परत? आता तिथं आमच्या धाकट्या पोराचं औषधाचं दुकान होणार."

यशवंता बायकोकडं बघतो, बायको यशवंताकडं. मंडळी, गंमत अशी, की दोघांनाही क्षणभर वाटलं, खरंच सोडलं की काय आपण घर? समोरचा ठासून बोलला की गरिबाला आपल्याच डोक्याचा भरवसा राहत नाही.

मशीन आत. लोकांची अर्धी शिवलेली कापडं आत. ही दोघं रस्त्यावर.

मला म्हणाले, बुवा, तुम्हाला पाट्या वाचता येतात, चला. मी गेलो. जोडाक्षरं तेवढी अडायची. पोलीस चौकीत गेलो. साहेब भला माणूस. म्हणाला, "हे दिवाणी काम आहे, आमच्याकडं नाही." मग कुणाकडं? तो म्हणाला, नगरपालिका बघा. नगरपालिकेत म्हणाले, "आमच्याकडं मालकाचं नाव असतं, भाडेकरूचं नसतं." तिथून तहसील. तिथं म्हणाले, "शेताचा बांध असता तर बघितलं असतं." कुणी हाकललं नाही बरं का. सगळे गोड बोलले, आणि सगळ्यांनी बोट दुसरीकडं दाखवलं. शेवटी आम्ही निघालो कुठून आणि जायचंय कुठं, तिघांनाही सांगता येईना.

कोर्टाच्या आवारात सावली होती म्हणून टेकलो. समोर पाटी. मी अक्षराला अक्षर लावून वाचली: तालुका विधी सेवा समिती. खाली लिहिलेलं, मोफत कायदेविषयक मदत.

चंद्राबाई उठलीच. "फुकटचं नको. आपण काय भीक मागायला आलो?"

आतून मगदूम वकीलबाई बाहेर येत होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "मावशी, भीक नाही ही. बाईमाणसाला इथं वकील फुकट मिळतो, गरीब-श्रीमंत बघत नाहीत. कायद्यानं दिलेलं आहे. बसा, काय झालं?"

चंद्राबाईनं सगळं सांगितलं. वकीलबाईंनी एकच विचारलं, "किल्ली दिली कशासाठी?"

"देवांना पाणी घालायला. देव घरातच होते ना आमचे."

"मग हे आधी कुणाला का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही," चंद्राबाई म्हणाली.

घर सोडणारा माणूस आधी काय उचलतो, मंडळी? देव उचलतो. भांडी मागनं येतात.

चंद्राबाईच्या नावानं दावा लागला. अण्णाप्पांनी ओटीचं सांगितलं, चार बायका उभ्या केल्या, चौघी खरं तेच बोलल्या, ओटी भरली होतीच. न्यायाधीशही गोंधळले असतील. मग गौराक्काला बोलावलं. समोर नवरा बसलेला. तिनं पदर सावरला, खाली बघितलं. म्हणाली, "त्यांच्या देवांना मी रोज पाणी घालत होते. कुलूप बदललं तवापासून माझ्याकडं किल्ली नाही. देव उपाशी आहेत." एवढंच.

निकाल लागेपर्यंत खोली उघडून द्या, असा हुकूम झाला. कुलूप निघालं. यशवंता आत गेला नाही. आधी अण्णाप्पांपुढं हात जोडले, "मालक, राग मानू नका." मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बुवा, आपण जिंकलो का?"

मी म्हणालो, आधी आत जा, देवांना पाणी घाल. गौराक्का नवऱ्याशी काय बोलत असेल, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

तुम्हाला मात्र सांगतो. तुमच्यात कुणी भाड्यानं राहत असेल, तर पहिल्या दारावरनं परत फिरू नका, दुसऱ्यावरनंही फिरू नका. कोर्टाच्या आवारात ती पाटी शोधा. वाचता येत नसेल तर माझ्यासारख्याला धरा. आणि तुमच्यात कुणी घरमालक असेल, तर आज घरी जाऊन बघा, भाडेकरणीचे देव तुमच्या भिंतीला टेकून बसलेत. त्यांना बाहेर कसं काढणार, ते मला येऊन सांगा.

यशवंता पोरे त्याच खोलीत वारला, पुढल्या साली कार्तिक वद्य नवमीला. अण्णाप्पा शेटे त्यानंतरच्या चैत्रात गेले. दाव्याचा निकाल दोघांच्या मागनं लागला.