डब्यातल्या गोळ्या

बसा की आक्का, सरकते मी — बसा. तुमचं कोण आत? नवरा? माझी लेक हाय, प्रणिता. चौथा दिस आज. निपाणीच्या डॉक्टरनं बेळगावला न्या म्हटलं, आणली. लघवीचं दुखणं हो, दुसरं काय न्हाय — आमी मायलेकी विड्या वळतो, एकदा बसलं की उठायचं न्हाय, पाणी प्यालं की उठावं लागतंय, म्हणून पाणीच प्यायचं न्हाय. मग जळजळ, ताप. गल्लीत समद्या बायांस्नी हाय.

ह्यो डबा व्हय? गोळ्यांचा. आधी तंबाखू असायची, धुऊन घेतला. आमच्यात काय वाया घालवत न्हाईत बघा — पानाची कातरणसुद्धा चुलीला लावतो. तशीच गोळी. डॉक्टर पाच दिसांच्या द्यायचा, दोन दिसांत ताप उतरला की उरलेल्या डब्यात. फुडच्या बारीला व्हत्यात की! कुणाची जळजळ, कुणाचा दात — "जयाआक्का, दोन दे गं" — दिल्या. लई मान हुता मला. गुण यायचा का? यायचा की. दोन दिस. मग परत तेच.

प्रणितालाबी मीच दिल्या. तीन वर्सं ह्येच चाललंय. गेल्या म्हयन्यात म्हणाली, आई, दवाखान्यात जाऊन येते — मी म्हटलं, कशाला दिस घालवतीस, डब्यात हाईत की. गेली न्हाय. माझं ऐकती ती.

काल डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. लघवीतलं जंतू रक्तात गेल्यात, ते वाढवून बघत्यात म्हणं, कुठल्या औषधानं मरत्यात ते. सतरा औषधं. मला इंग्रजी येत न्हाय, पर सोळांफुडं एकच अक्षर — ह्ये चालत न्हाय, ह्ये चालत न्हाय — बाईंचं बोट खाली खालीच गेलं. शेवटचं एक थोडंफार चालतंय, तेच शिरेतनं सोडलंय. किडनीला जड हाय म्हणं. आज सांजपतूर ताप उतरला तर... 'तर' म्हणाल्या, आन कागदाची घडी घातली. डबा त्यांनीच मागवून घेतला. उघडून बघितला, झाकण लावलं, माझ्या हातात दिला. रागावल्याबी न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रडू येत न्हाय मला. ही बोटं बघा — पान न्हाय, तंबाखू न्हाय, तरी वळायलीत.

किती खोकताय ओ. बघू कपाळ — व्हय, ताप हाय की. कवापासनं? थांबा, ती लाल गोळी असंल ह्यात, दोनच घ्या, उद्या सकाळपतूर मोकळं...

न्हाय.

काय न्हाय. हात मागं घ्या, आक्का. घ्या म्हणते न्हवं! खाली डॉक्टर बसल्यात, चिठ्ठी काढा, जावा. बघताय काय माझ्याकडं? जावा. माझ्याजवळ बसू नगासा.