व्याह्यांसाठी काडतूस

हॅलो?… हॅलो, विनीता?… हं, आता येतोय आवाज. मगाशी नुसती घरघर… अगं मी ताई, पुंगोलहून. दुसरं कोण करणार या वेळी?… नाही, सगळे बरे आहेत. म्हणजे तब्येतीनं बरे आहेत. विश्वासराव आहेत का?… फिरायला गेलेत? मग येईपर्यंत तू ऐक. पण हसायचं नाही.

आधी कबूल कर.

बरं. तर त्यांना विचारायचंय, हरिण मारायला काडतूस कुठलं चांगलं?

…विनीता? आहेस ना?

काडतूस, हो. बंदुकीचं… अगं हळू. इथे या देशात रिकामं नळकांडं खिशात सापडलं तरी माणसाला उचलून नेतात. मी घरातच बोलतेय, पण खिडकी उघडी आहे आणि समोरच्या ब्लॉकमधली बाई सदान्‌कदा इकडेच बघत असते. का बघते, तेही सांगते.

मी कशाला मारू? तुझे भाऊजी मारणार आहेत.

हो, तेच. एकच आहेत ना. झुरळ दिसलं की दार उघडून बाजूला उभे राहतात, पाहुण्याला वाट द्यावी तसे. तेच.

सांगते ना, मधेमधे बोलू नकोस. आपल्या इराचं त्या सुयशशी ठरतंय, हे तर तुला माहीतच आहे… हो, तिच्याच लॅबमधला. त्याचे आईवडील न्यूझीलंडला. मूळचे साताऱ्याचे, पण पंचवीस वर्षं तिकडे. वडील श्रीधरराव, मेंढ्यांचे डॉक्टर. आई मधुमती. गुड फ्रायडेला आम्ही तिकडे जायचं, बैठक तिथेच. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं गं. आणि मागच्या आठवड्यात श्रीधररावांचा मेसेज आला. आमच्याकडे नवे व्याही आले की पहिल्या गोळीचा मान त्यांचा. हरणांचा हंगाम आहे. तुमच्यासाठी काडतूस कुठलं आणून ठेवू? संकोच नको.

थट्टा कसली! त्यांच्या मोठ्या मुलाचे सासरे आहेत ना, तिकडचेच, गोरे, त्यांनी एका गोळीत हरिण आडवं केलं म्हणे. त्याचा फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. सुयशनंच दाखवला.

हो, हो… अगं मीही तेच म्हटलं. मी वरण-भातवाला, मला जमणार नाही, असं कळवून टाका. नाही म्हणायला काय जातं? पण हे म्हणजे अस्सल मुलीकडचे. मुलाकडच्यांनी काही विचारलं की मुलीच्या बापानं ‘नाही’ म्हणायचं नसतं, ‘कुठलं हवं’ एवढंच म्हणायचं. माझ्या नणंदेच्या लग्नात यांच्या बाबांनी व्याह्यांना पितळी बंब हवा होता म्हणून अख्खं पुणं पालथं घातलं होतं. हे तेच बघत वाढलेत. त्यांच्या डोक्यात काडतूस आणि बंब एकाच खात्यात. मानपान.

इरा? ती इथल्यासारखं वाक्याला ‘लाह’ जोडून म्हणते, ‘बाबा, जस्ट टेल हिम नो, लाह.’ आणि निघून जाते. तिचं बरोबर आहे. पण तिचेही डोळे सुजलेत. बाबांमुळे सुयशच्या घरी हसं होईल, ही भीती तिलाही आहेच. मला मेलीला दोघांचंही वाईट वाटतं.

मग काय! अभ्यास सुरू. पाया लेबारच्या ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता व्हिडिओ बघत बसतात. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या ग्रुपवर विचारून टाकलं, ‘मित्रासाठी विचारतोय, हरणाला काडतूस कुठलं घ्यावं?’… देतात ना उत्तरं! आपली माणसं कधी गप्प बसलीत? सुबोधनं लिहिलं, आधी पुरणपोळ्यांचा आकडा कळवा. विवेकनं मतदानच ठेवलं. बहुमत थ्री नॉट एटला गेलं… नाही गं, थ्री नॉट थ्री आपल्या पोलिसांची. ही थ्री नॉट एट. जगात कुठेही मिळते, म्हणून मतं. आणि मतं देणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी उंदीरसुद्धा मारलेला नाही.

मला? मला आता सगळं पाठ झालंय. तोंडाशी घास नेतानासुद्धा तेच ऐकते मी. टू फोर थ्री हलकी, खांद्याला धक्का कमी. पण तिकडचं हरिण असतं सांबराएवढं, तेव्हा नेम अगदी जागच्या जागी पाहिजे. थर्टी ऑट सिक्स म्हणजे हरिण पडेल आणि मागे हेही पडतील. मधलं एक आहे, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर. धक्का बेताचा, पल्ला लांब, सध्या त्याचीच हवा आहे… हसतेस? कबूल केलं होतंस तू.

नेम? नेमाचंच तर सांगायचं राहिलं. इथे कपडे वाळत घालायला लांब बांबू असतात, खिडकीबाहेर खोचायचे. त्यातला एक यांनी घेतला, खांद्याला टेकवला, एक डोळा मिटला आणि खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्या एलआरटी गाड्यांवर नेम धरत बसले. बाराव्या मजल्यावरून. समोरच्या बाईनं पाहिलं. अर्ध्या तासात दारावर माणूस हजर. म्हटलं, आता यांचा कामाचा पास रद्द, चंबूगबाळं आवरा, चला पुण्याला. तर तो म्हणतो, ‘अंकल, पोल ड्रॉप डाउन, व्हेरी डेंजरस, लाह.’ बांबू खाली कुणाच्या डोक्यात पडेल, एवढीच त्याची तक्रार. यांनी त्याची माफी मागितली आणि वर विचारलं, तुम्ही सैन्यात होतात का, कुठलं काडतूस वापरायचात?

तो? बांबूकडे बघत बघत लिफ्टमध्ये शिरला.

हसून घे. पण खरं सांगू? रात्री झोपत नाहीत गं ते. काल म्हणाले, अरुणा, मी ते जनावर मारलं नाही तर इराचं लग्न मोडेल, आणि मारलं तर मी तुझ्या हातचं जेवू शकणार नाही. मला भडभडून आलं. लेकीचं लग्न करायचंय, पाप कशाला विकत घ्यायचं? म्हणून तुला फोन. विश्वासराव इतकी वर्षं सैन्यात होते, त्यांनी एकदाचं काय ते सांगावं. यांचा त्यांच्यावर विश्वास आहे…

आले? दे, दे त्यांना. अहो, इकडे या, विश्वासराव आलेत. मी स्पीकरवर टाकते.

नमस्कार विश्वासराव. विनीतानं सांगितलंच असेल… हो, हरिण… काय? कधीच नाही?… मग वीस वर्षं सैन्यात काय करत होतात?… रसद. म्हणजे बटाटे… आणि पीठ. बरं. आम्हाला वाटलं होतं… नाही नाही, तेही महत्त्वाचं आहेच… बरं, ऐकलेलं सांगा… हो, हे ऐकतायत, शेजारीच बसलेत…

हं.

हं… म्हणजे काडतूस कुठलंही असो… गोळी जागी लागली पाहिजे. नाहीतर जखमी जनावर रात्रभर रानात तडफडतं… आणि ज्यानं मारलं त्यानं अंधारात त्याच्या मागे जायचं, ते सापडेपर्यंत. हा शिकाऱ्याचा धर्म. बरं.

हे बघा, उठले… आतल्या खोलीत गेले. स्वतःचा फोन घेऊन गेलेत हे, विश्वासराव… नाही हो, तुमची चूक नाही. तुम्ही बरोबरच सांगितलंत.

विनीता, तू आलीस का परत? थांब, ऐकू दे मला. श्रीधररावांनाच लावलाय वाटतं… हो, ‘नमस्कार’ म्हणाले… हवापाणी चाललंय… मेंढ्यांची चौकशी चाललीय. अगं बाई, बोला आता.

म्हणाले. विनीता, म्हणाले ते! ‘श्रीधरराव, माझ्याच्यानं जनावर मारवणार नाही. राग मानू नका.’ इतकं सरळ मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं… हो, डोळ्यांत पाणी आलंय माझ्या, काय करू… तिकडचं काय ऐकू येणार? आता हे हसले. हसतायत गं! मोकळे झाले बघ. सांगत नव्हते मी? नाही म्हणायला काय जातं? उगाच आठवडाभर घर डोक्यावर…

काय हो? झालं ना सगळं नीट?… चिडले नाहीत ना?… मग?

काय केलंत?

परत सांगा. विनीता, ऐकतेस? हे काय म्हणतायत बघ. त्यांना नुसतं ‘नाही’ म्हणवेना. मुलीकडचे ना. म्हणून म्हणाले, ‘पण आमची अरुणा धीट आहे.’ धीट आहे! आणि श्रीधरराव म्हणाले, छान, मग पहिल्या गोळीचा मान विहीणबाईंचा. तिकडे स्पीकरवर होतं सगळं. टाळ्या वाजवल्या म्हणे सगळ्यांनी.

अहो, मी मटण खाते म्हणजे बंदूक चालवते असं झालं का? खाणं वेगळं!… फोनवर आहेत अजून? कोण, मधुमतीताई? आणा इकडे तो फोन. मी सांगते. दोन शब्दांत सांगते. विनीता, तू ठेवू नकोस, ऐक कसं सांगायचं असतं ते.

नमस्कार, मधुमतीताई. मी अरुणा… हो… नाही, त्याचं काय झालं, हे जरा घाईत बोलून… हो?… हो… काय सांगता? तुमच्या घरात आजवर एकाही बाईला?… पंचवीस वर्षं पुरुषांनी मारायचं आणि तुम्ही नुसते मसाले वाटायचे… थोरल्या सूनबाईंनी मागितली होती बंदूक, तर हसले सगळे?… तुम्हालाही कधी धरू दिली नाही… अहो, रडू नका, ताई… नाही, मी कुठे नाही म्हणतेय… जॅकेट? माझ्यासाठी, आत्ताच?… माप ना, मध्यम… हो, हो. आनंदच आहे. मान दिलात हेच… काडतूस कुठलं ते ना, कळवते. आज रात्रीच कळवते. ठेवते हं.

…विनीता.

हसू नकोस. खरंच हसू नकोस… माहीत आहे मीच म्हणत होते. तू विश्वासरावांना दे फोन.

विश्वासराव? ऐका, बटाट्याचं राहू द्या, कुणा खऱ्या सैनिकाला गाठा आणि विचारा, माझ्यासारख्या बाईला कुठलं झेपेल… हो, मलाच… आणि गोळी सोडताना दोन्ही डोळे मिटले तर चालतात का?

हॅलो?… विश्वासराव?… हॅलो?