पंप यवतमाळले गेला हाये

—नाई, नाई सर, आज तरी नाईच होत. बसा तुमी. तो स्टूल नका घेऊ, त्याचा एक पाय ढिल्ला हाये, अथी खुर्चीवर बसा. आता तुमाले वाटत असन, हा धर्मपाल मिस्त्री दर मंगळवारी नवं कारन काढते—पन जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवनं म्हंजे पायातली चप्पल बदलनं नाई ना. पेट्रोलचं इंजिन हलकं, डिझेलचं वजनदार. सामोरचे कमानपाटे दबले असते, म्हनून दोन पाटे वाढवले. गिअरबॉक्सले जुळत नोयतं, म्हनून मधातली लोखंडी प्लेट पुसदच्या लेथवर बनवून आनली, मी स्वतः दिवसभर उभा राह्यलो तथी. चौतीस वर्साची गाडी, तिले हे इंजिन सोसन का नाई? सोसलं. समदं झालं. फक्त डिझेल पंप—तो यवतमाळले गेला हाये, सेटिंगले. आला का बसवतो. कधी? आता ते मी कसं सांगू.

चहा घ्या ना. ठेवलाच हाये. तुमी साडेअकराच्या एस्टीनं येता, मी अकरापासून गॅसजोळ असतो—म्हंजे तसं नाई, कामंच काम असते, पन मंगळवारी जरा... बाभुळगाववरून यवतमाळ, यवतमाळवरून दिग्रस, दोन एस्ट्या, अन् तुमचे ते गुडघे. मले समजत नाई का? मांगच्या खेपेले तुमी विचारलं, मिस्त्री, घरी कोन-कोन? मी म्हनलो, समदे हायेत. हायेतच. पोरगा राजदीप पुन्यात, शोरूममधी गाडीले कॉम्प्युटर जोडते, हात काळे होत नाईत त्याचे. आमच्या घरची, शीला, सुनेच्या बाळंतपनाले गेली, चार महिन्यासाठी. नात आता चालाले लागली. ती तरी काय करन? सून नोकरीवर जाते, लेकरू कोनापाशी ठेवाचं? मले म्हनतेत, या तुमीबी. गेलतो ना, दिवाळीच्या सुट्ट्यात. दोन खोल्या. मी हॉलमधी झोपो, अन् सकाळी समदे चुपचाप चालत, बाबाची झोपमोड नको म्हनून. मी जागाच राहो. आठ दिवसाचं सांगून गेलतो, चवथ्या दिवशी म्हनलो, वामनराव सरांची जीप खोलून ठेवली हाये, जा लागते. कोनी थांबा म्हनलं नाई.

ते जाऊ द्या. तुमच्या घरच्या बाई कशा हायेत? उजवा हात उठते का थोडा?... हं. नाई, मले समदं ध्यानात हाये सर. लकवा झाल्यापासून मैनाबाई वावरात गेल्याच नाईत, पांदनीच्या वाटेत बैलबंडी हेंदकावते, कार फसते, म्हनून जीप पायजे, अन् पेट्रोल परवडत नाई म्हनून डिझेल. कापूस फुटला का त्याहिले एकदा वावराच्या धुऱ्यावर नेऊन बसवाचं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुमी. वेचनी कुठवर आली?... तिसरी? म्हंजे संपतच आली म्हना—बॉनेट कायले उचलता सर, राहू द्या, तथी हात नका लावू, भाजन—

हो. गरम हाये.

पंप आला सर. आज नाई, तीन आठवडे झाले. मीच बसवला. रोज सकाळी चालू करतो, पंधरा-वीस मिनिटं, आज जरा जास्तच चालू ठेवली. आवाज आयकला का सामोरचा पानठेलेवाला म्हनते, धर्मपालभाऊ, काम जोरात हाये. मी म्हनतो, हाये. अन् मंग तुमच्या सीटवर बसून राहतो. पाहा ना तुमी, दुसरी गाडी दिसते का गॅरेजात? उन्हाळ्यापासून ही एकच. ही गेली का मंगळवारी कोन येईन? तुमी गाडीसाठी येता, मले मालूम हाये, मी काई येडा नाई. पन तुमी बसता. हे इंजिन असं काहून, ते तसं काहून, विचारता, अन् मी सांगतो त आयकता. घरात मी दिवसचे दिवस तोंड उघडत नाई सर, कधी कधी माह्याच आवाजानं दचकतो. तेवढ्यासाठी मी बाईंचे दिवस खाल्ले. कापूस पाहाचा होता त्याहिले, दुसरं काई मांगितलं नोयतं, अन् मी तीन मंगळवार तुमच्या तोंडावर खोटं बोललो. शिव्या द्या मले. द्या ना.

घ्या चावी. शेंड्यावरचा कापूस असन अजून झाडाले, आज पोचले त उद्या सकाळी नेता येईन बाईंले. क्लच हलका केला हाये, तुमच्या गुडघ्यासाठी. नाई, चहा राहू द्या आता. बसा सीटवर. मारा सेल्फ... पाहा, एका झटक्यात. एक ध्यानात ठेवा, पेट्रोलसारखी ही चावीनं बंद होत नाई, ही खालची तार हाये ना, ही ओढा लागते, मंग इंजिन थांबते—नाई, आता नका ओढू. अथी बंद नका करू सर. अथी बंद केली त मी आनखी काईतरी बिघाड काढीन. चालूच राहू द्या. निघा.