दादासाठी धरलेली जागा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमचा दादा त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमपायी वेडा होता. सीझनआधीचे सराव सामनेसुद्धा चुकवायचा नाही. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या मैदानावर लवकर जाऊन बाकावर टिश्यूची दोन पाकिटं ठेवायचा, एक त्याचं, एक माझं. आपण एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. इथे त्या पाकिटाला सहसा कुणी हात लावत नाही.

दादा गेला आणि पुढच्याच महिन्यात टीमचा पहिला सराव सामना आला. आई म्हणाली, "नको रे जाऊस." मी गेलो. दोन्ही पाकिटं ठेवली.

बाक भरत गेले. एका पोराने दादाचं पाकीट उचललं. मी त्याची कॉलरच धरली.

"माझ्या भावाची जागा आहे!"

"कुठाय तो? अर्धी मॅच संपली लाह!" पोरगा सिंगापुरी हेल काढत म्हणाला.

"येतोय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

पोरगा पाकीट ठेवून पळाला. मग एक चिनी आंटी कॉफी घेऊन जागा शोधत आली. बसायला वाकली आणि एकदम थांबली. तिने पाकिटाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेही नाही. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असेल, तिथे बघून म्हणाली, "सॉरी हं, मला वाटलं रिकामी आहे." आणि पुढे गेली.

मी थोडा सरकून बसलो. दादाला पाय फाकवून बसायची सवय होती.